खुंटीवरची माळ

भोयर सरांनी यशोदाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते वर्ध्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माधव भोयर तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासायला उपाशीपोटी तिथे जात. त्या सकाळी बाकावर चार माणसं ओळीने बसली होती आणि चौघांचेही डोळे हळद लागल्यासारखे पिवळे होते. त्यांच्या शेवटी एक साठी उलटलेली बाई बसली होती. अंगावर फिकट निळं लुगडं, पायात स्लीपर, मांडीवर प्लास्टिकची फाईल. काउंटरमागच्या रोशनी नावाच्या मुलीने एक कागद पुढे केला तशी ती बाई उठली आणि तिने विचारलं, "टोटल किती, डायरेक्ट किती?"

सरांनी पेपरातून मान वर काढली. कावीळ मोजताना रक्तातलं बिलिरुबिन असं दोन प्रकारे मोजतात, हे चौतीस वर्षं विज्ञान शिकवूनही त्यांना फार उशिरा कळलं होतं.

"टोटल सहा पॉइंट चार," रोशनी म्हणाली. "डायरेक्ट चार."

बाई बाकावरच्या दुसऱ्या माणसाकडे वळली. "तुह्यं जास्त हाय. तू सेवाग्रामले जा, आजच. भरती व्हाले सांगतीन तं नाई म्हनू नको."

"अन् माळ?" तो माणूस म्हणाला.

"माळ तिथं आनून देईन. पलंगाले बांधजो."

त्या चौघांना घेऊन ती निघून गेली. सरांनी दंड पुढे करत रोशनीला विचारलं, ही कोण?

"सर, तुम्ही पिपरीचेच ना? तुम्हाला माहीत नाही? कावीळवाली बाई. माळ देते. पण रिपोर्ट नसला तर दारातूनच परत पाठवते. आमच्याकडचे कावीळचे निम्मे पेशंट तिनेच पाठवलेले असतात."

सर वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघ्यात वीस वर्षं राहत होते. यशोदाबाईंचं घर त्यांच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, पाण्याच्या टाकीमागे होतं. टिनाच्या दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाच्या कडेने घेटुळीची रोपं जमिनीला धरून पसरलेली. ही वनस्पती सरांनी मुलांना पाठ्यपुस्तकात पुनर्नवा म्हणून शिकवली होती. दारात गवतासारखी वाढलेली त्यांनी ती ओळखली नसती.

यशोदाबाई मूळच्या समुद्रपूरकडच्या एका खेड्यातल्या. नवरा लवकर गेला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी सव्वीस वर्षं खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली, आणि मुलाला पिपरीत नोकरी लागली तशी त्याच्यासोबत इकडे आल्या. माळेची विद्या सासूची. बुधवारी आणि रविवारी सकाळी, सूर्य वर यायच्या आत, रोग्याने उपाशीपोटी पूर्वेकडे तोंड करून बसायचं. यशोदाबाई घेटुळीच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करत आणि दुहेरी सुताच्या फासात एकेक तुकडा आवळत जात. सुई नाही. एकशे एक तुकडे होईपर्यंत त्या बोलत नसत, आणि बसलेल्यानेही बोलायचं नसे. झालेली माळ टोपीसारखी रोग्याच्या डोक्यावर बसे. मग ती दिवसेंदिवस वाढत जाई. कानावरून गळ्यात उतरे, गळ्यातून छातीवर येई. कावीळ जशी उतरते तशी माळ उतरते, असं सगळे म्हणत. बेंबीपर्यंत आली की वाहत्या पाण्यात सोडायची. तोवर तेल नाही, मटण नाही, दारूचा तर थेंबही नाही. यशोदाबाई कोणाकडून काही घेत नसत. सुपारीसुद्धा नाही. घेतलं की हाताचा गुण जातो.

हे सगळं सरांना कळलं ते हळूहळू, आणि बरंचसं त्यांच्या पत्नीकडून. पद्माताई पोस्टातून रिटायर झालेल्या. पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेल्या माणसाला गावातलं काय ठाऊक नसतं!

सरांचं अंधश्रद्धेबद्दल एक मत होतं आणि ते त्यांनी वर्गात अनेकदा सांगितलं होतं. अंधश्रद्धा म्हणजे माहितीचा अभाव. खोलीत दिवा लावला की अंधाराला वेगळं हाकलावं लागत नाही, तसंच हे. कारण कळलं की समजूत आपोआप गळून पडते. त्यामुळे यशोदाबाईंचा त्यांना राग नव्हता. त्यांना वाटे, या बाईला कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही, एवढंच. फक्त तो रिपोर्टचा भाग त्यांना बसत नव्हता. माळेने कावीळ जाते असं मानणारी बाई लॅबचा कागद कशाला मागते?

पाच वर्षांनी एका पावसाळ्याच्या शेवटी पद्माताईंनाच कावीळ झाली. बिलिरुबिन तीन पॉइंट दोन. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून होणारी आहे, विश्रांती घ्या, तीन-चार आठवड्यांत जाईल. घरी आल्यावर पद्माताई म्हणाल्या, "मी रविवारी यशोदाबाईंकडे जाणार आहे."

"डॉक्टरांनी सांगितलं ना, आपोआप जाईल म्हणून?"

"आपोआप जाणारच आहे तर माळ घालून जाऊ दे. तुमचं काय जातं?"

तेव्हा सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. रविवारी तेही सोबत गेले. पद्माताईंची माळ पुरी झाल्यावर, म्हणजे बोलायला परवानगी मिळाल्यावर, त्यांनी विचारलं, "यशोदाबाई, अशीच आणखी एक मिळेल का?"

"कोनाले?"

"घरात असू द्यावी म्हटलं."

यशोदाबाईंनी सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. खालची पापणी ओढूनही पाहिली. "तुमाले तं काईच नाई," त्या म्हणाल्या. पण आणखी काही न विचारता त्यांनी पुन्हा काड्या घेतल्या आणि तशीच, तितक्याच तुकड्यांची दुसरी माळ केली.

ती सरांनी घरी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगली. मग जुनी वही काढली आणि सवयीप्रमाणे पानाच्या वर लिहिलं: उद्देश, साहित्य, कृती. रोज सकाळी सात वाजता दोन्ही माळा स्टीलच्या टेपने मोजायच्या. पहिल्या दिवशी दोन्हींचा घेर साडेसतरा इंच. पद्माताई आधी हसल्या, मग वैतागल्या, मग रोज सकाळी चहाचा कप हातात धरून मान पुढे करू लागल्या. बाराव्या दिवशी त्यांची माळ अठ्ठावीस इंच होती. खिळ्याची तीस.

"म्हणजे तुमच्या खिळ्याला माझ्याआधी आराम पडला," पद्माताई म्हणाल्या.

"खिडकीतून ऊन येतं तिथे. लवकर वाळते."

कारण साधं होतं. फासात आवळलेली ओली काडी वाळली की आकसते. काडी आकसली की फास सैल पडतो आणि तेवढं सूत माळेच्या लांबीत येतं. एकशे एक फासांमधून थोडं थोडं. सरांनी आलेख काढला, खाली 'निष्कर्ष' लिहून त्यासमोर एक वाक्य लिहिलं: माळ वाळल्यामुळे लांब होते. पद्माताई चोविसाव्या दिवशी बऱ्या झाल्या.

आता हे यशोदाबाईंना सांगायला हवं होतं. अस्मिता नावाची सरांची जुनी विद्यार्थिनी त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवत होती. विज्ञान दिनाला एखादा प्रयोग दाखवा, असं तिचं बोलावणं आलेलं होतं. पण ज्या बाईने आपल्यासाठी माळ केली तिला आधी न सांगता तीच माळ शाळेत नेऊन दाखवणं सरांना बरं वाटेना. एका दुपारी ते खिळ्यावरची माळ पिशवीत घालून तिसऱ्या गल्लीत गेले.

यशोदाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. सरांनी माळ बाहेर काढली, वही उघडली, आलेख समोर धरला आणि नववीच्या वर्गाला सांगावं तसं सावकाश सगळं सांगितलं. यशोदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा सूप खाली ठेवलं, तेवढंच.

"म्हणजे ही माळ कोणाच्या डोक्यावर नव्हती," सर शेवटी म्हणाले. "खिळ्यावर होती. तरी वाढली."

"वाढते न जी," यशोदाबाई म्हणाल्या. "खुंटीवर टांगली तरी वाढते. मले ठाऊक हाय."

सरांनी समोर धरलेला आलेख खाली केला. "कधीपासून?"

"तीसेक वर्स झाले."

आणि मग त्यांनी सांगितलं. सूप पुन्हा हातात घेऊन, दाणे फोलपटापासून वेगळे करत, आवाज न बदलता.

त्यांची मुलगी सुलोचना पंधरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली. सासूने माळ घातली. माळ अठराव्या दिवशी बेंबीपर्यंत आली. डोळे पिवळेच होते, पण माळ तर उतरली होती. सासू म्हणाली, उतरली, आता पोरीले गोडधोड घाल. यशोदाबाईंनी पुरण घातलं. तिसऱ्या दिवशी पोरगी कोणाला ओळखेना. बैलगाडीने रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने वर्ध्याला नेताना ती गेली.

"तेराव्यानंतर सासूची दुसरी माळ होती घरात, ताजी. कोनी नेलीच नाई. मी खुंटीवर टांगली. रोज पाह्यली. एकवीस दिवस पाह्यली जी. सुलीची उतरली तशीच ते बी उतरली." दोन खडे वेचून त्यांनी अंगणात फेकले. "मंग आमच्या अंगणवाडीत सिस्टर येत होती पोरायले सुया द्याले, तिले इचारलं. तिनं सांगतलं, रक्त तपासा लागते. टोटल पाहा, डायरेक्ट पाहा. कागदावर लिहून देल्लं तिनं. मी पाठ केलं."

सरांनी वही मिटली. त्यांनी जो प्रयोग आलेखावर केला होता तो या बाईने तीस वर्षांपूर्वी केला होता, आणि तिचं मोजमाप टेपने केलेलं नव्हतं.

"मग तुम्ही माळ का देता?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज खाली आला होता.

"मी न देल्ली तं ते कुठं जातीन? नाकात रस सोडनाऱ्याकडं. पोटावर डाग देनाऱ्याकडं. तिथं रिपोर्ट कोन मागते? माह्याकडं माळ पाह्यजे म्हून रिपोर्ट काढते. डोक्यावर माळ हाय म्हून दारू पेत नाई. माळ नसन तं माह्यं कोन आयकते? अंगनवाडीतली खिचडीवाली मी."

हे सरांना समजलं. समजलं आणि पटलंही. लोकांच्या समजुतीचा ही बाई उपयोग करून घेते आहे. हेतू चांगला आहे. हिशेब बसला, असं वाटून ते उठायला लागले.

"पन सर, खरं सांगू का," यशोदाबाई म्हणाल्या, "तिच्यात काई तरी हाय."

"कशात?"

"माळेत."

"अहो, पण आत्ताच तुम्ही म्हणालात, खुंटीवरही वाढते म्हणून!"

"खुंटीवर सुकते म्हून वाढते," यशोदाबाई म्हणाल्या. "मानसावर उतरते म्हून वाढते."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या थट्टा करत नव्हत्या. चेहरा सकाळी काड्या आवळताना असे तसाच होता. एकाच गोष्टीला दोन कारणं, आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत. सुलोचनाचं नाव सरांच्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. यशोदाबाईंनाच ते दिसलं असावं.

"तिची वरची उतरली होती," त्या म्हणाल्या. "आतली राह्यली. ते माळेले नाई उतरवता येत. ते दवाखान्यानंच उतरवा लागते."

जाताना सर म्हणाले, "मी ही माळ शाळेत दाखवणार आहे. तुमचं नाव घेणार नाही."

"घ्या न जी नाव. खोटं थोडीच सांगून राह्यले तुमी!"

घरी जाताना सरांना आपलं वर्गातलं वाक्य आठवत राहिलं. माहितीचा अभाव. या बाईकडे माहिती कमी नव्हती. सगळी होती, त्यांच्यापेक्षा आधीपासून होती. आणि ती माहिती आणि तो विश्वास एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे, भांडण न करता राहत होते. असं होऊ शकतं हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. पण माळेबद्दलचं खरं ते खरंच होतं, आणि ते मुलांना सांगणं त्यांचं काम होतं.

विज्ञान दिनाला त्यांनी माळ दाखवली. पंधरा दिवस आधी शाळेच्या खिळ्याला दुसरी टांगून ठेवली होती, ती मुलांनी स्वतः मोजली. अस्मिताने मोबाईलवर चित्रीकरण केलं. सरांनी यशोदाबाईंचं नाव घेतलं नाही, पण पिपरीत माळ देणारी दुसरी कोणी नव्हती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गल्लीगल्लीच्या ग्रुपवर फिरला. खाली कोणी लिहिलं, 'खिळ्याला कावीळ'. त्यावर हसणारे चेहरे.

मार्चअखेर सर साखर तपासायला गेले तेव्हा बाक रिकामा होता. रोशनी म्हणाली, "सर, तुमच्या व्हिडिओपासून कावीळवाले येतच नाहीत."

सरांना क्षणभर बरं वाटलं. "थेट डॉक्टरांकडे जात असतील."

"ते कुठे जातात मला काय माहीत? तपासायला तर येत नाहीत."

त्यानंतर चार दिवसांनी यशोदाबाई सरांच्या दारात आल्या. त्या घरात त्या पहिल्यांदाच येत होत्या. पद्माताईंनी बसा म्हटलं तरी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून उभ्याच राहिल्या.

"सर, मीराबाईच्या पोराले पाहा."

मीराबाई टाकीच्या पलीकडे राहत. बौद्ध वस्तीतल्या, नगरपालिकेच्या शाळेत सफाईला जात. मुलगा प्रफुल्ल ऑटो चालवायचा. दहावीपर्यंत सरांच्याच हाताखाली होता. विज्ञानात दोनदा नापास झालेला, पण सरांना रस्त्यात भेटला की ऑटो थांबवून हात जोडणारा.

"काय झालं त्याला?"

"डोळे पिवळेजरत. पाय सुजून राह्यले. दारू पेते न तो. पुलगावकडं एकजन नाकात रस टाकते, त्याच्याकडं दोनदा जाऊन आला. नाकातून पिवळं पानी निघालं, कावीळ निघाली म्हन्ते. मी म्हटलं, रिपोर्ट काढ, मंग माळ देतो. तं हासला. म्हने, बाई, ते तं खिळ्याले बी होते."

पद्माताईंनी सरांकडे पाहिलं. सर चष्मा शोधत होते. चष्मा नाकावरच होता.

"माह्या म्हनन्यानं आता कोनी येत नाई," यशोदाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "तुमचं आयकन. तुमी मास्तर हा त्याचे."

सर लगेच गेले. प्रफुल्ल खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. सरांना पाहून उठायला लागला आणि उठता आलं नाही. सरांनी त्याला यकृत समजावलं. दारूने काय होतं, नाकात रस टाकल्याने पिवळं पाणी का येतं, तपासणीत काय कळतं, सगळं सांगितलं. प्रफुल्लने प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हटलं. जाऊ म्हणाला. उद्या जातो, नक्की जातो.

दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशी सर पुन्हा गेले, तेव्हाही म्हणाला, "हो सर, आता जातोच." मीराबाई बाहेर येऊन रडत म्हणाल्या, "त्याचा बाप दवाखान्यात गेला तो तसाच आला सर, चादरीत. म्हून भेते तो. माह्यं आयकत नाई."

सर दारात उभे राहिले. प्रफुल्लला सगळं कळलं होतं. यकृत कळलं होतं, पिवळ्या पाण्याचं कारण कळलं होतं, आज विचारलं असतं तर तो परीक्षेत पास झाला असता. आणि तरी तो खाटेवरून उठत नव्हता. सर वळले ते घरी न जाता तिसऱ्या गल्लीत गेले.

"यशोदाबाई, माळ करा," ते म्हणाले. "आणि चला माझ्याबरोबर."

"बुधवार नाई आज."

"माहीत आहे."

यशोदाबाईंनी घेटुळीच्या काड्या तोडल्या. तासाभराने ओटीत ओली माळ घेऊन त्या सरांच्या मागे मीराबाईंच्या घरात शिरल्या आणि खाटेपासून दोन हातांवर उभ्या राहिल्या.

"हे घे, आनली," त्या म्हणाल्या. "पन आधी रक्त दे. रिपोर्ट पाह्यल्याबिगर डोक्याले लावनार नाई."

प्रफुल्लने माळेकडे पाहिलं. पाहत राहिला. मग ओठ वाकडे करून, धाप लागल्यासारखा, म्हणाला, "काऊन गंमत करून राह्यली बाई? ते तं वाळून वाढते. सरनंच सांगतलं न शाळेत." आणि सरांकडे वळला. "हो न सर?"

मीराबाईंनीही सरांकडे पाहिलं. यशोदाबाईंनी पाहिलं नाही. त्या हातातल्या माळेचा एक सुटलेला तुकडा फासात नीट बसवत होत्या.

भोयर सरांनी वर्गात चुकीचं कधी सांगितलं नव्हतं. एकदा एका अणुभाराचा आकडा चुकला होता, तर दुसऱ्या दिवशी तीनही तुकड्यांत जाऊन त्यांनी तो दुरुस्त केला होता. प्रफुल्लच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच होतं. मुलगा उत्तराची वाट पाहत होता आणि त्याच्या पिवळ्या डोळ्यांत, सरांनी नीट पाहिलं, माळेची थट्टा नव्हती. ती आपल्याला आता घेता येणार नाही याची भीती होती.

"खुंटीवर सुकते म्हून वाढते," सर म्हणाले. "मानसावर उतरते म्हून वाढते."

त्यांनी यशोदाबाईंच्या हातातल्या माळेकडे बोट केलं.

"मी खुंटीवरची दाखवली होती प्रफुल्ल. माणसावरची नाही दाखवली."

प्रफुल्लने भिंतीची टेक सोडली. मग त्याने हात पुढे केला, सरांच्या दिशेने, आणि म्हणाला, "उठवा सर."

रोशनीने रक्त घेतलं तेव्हा लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. टोटल सतरा पॉइंट एक. रिपोर्टचा कागद यशोदाबाईंनी हातात घेतला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "याले चालत नेऊ नका," त्या म्हणाल्या. "गाडी बोलवा." सेवाग्रामच्या वॉर्डात प्रफुल्लला सलाईन लागल्यावर त्यांनी माळ पलंगाच्या लोखंडी कठड्याला बांधली. तिथली सिस्टर म्हणाली, हे काय? "काई नाई बाई," यशोदाबाई म्हणाल्या, "हे असन तं तो पळनार नाई."

तो पळाला नाही. सव्वीस दिवस राहिला. माळ कठड्यावर वाढत गेली. सर एक दिवसाआड जात, पण टेप बरोबर नेत नसत.

"तुम्ही खोटं बोललात," पद्माताई एकदा जेवताना म्हणाल्या. त्यांना ते मीराबाईंकडून कळलं होतं.

"हो."

"वाईट वाटतं?"

सरांनी विचार केला. पद्माताईंशी ते मोजून बोलत. "वाटायला हवं," ते म्हणाले. "पण बोलत होतो तेव्हा ते खोटं वाटलं नाही. नंतर घरी येऊन वही पाहिली, तेव्हा वाटलं." त्यांनी भाजी वाढून घेतली. "त्यांना रोज तसं होत असेल."

वहीतला तो निष्कर्ष सरांनी बदलला नाही. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. विज्ञान दिनाला अस्मिता अजून दर वर्षी शाळेच्या खिळ्याला माळ टांगते आणि मुलं ती मोजतात. सरही जातात. फक्त प्रयोग संपल्यावर ते मुलांना एवढं सांगतात, की डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासायचं, मग कोणाला काय बांधायचं ते बांधा. प्रफुल्ल आता ई-रिक्षा चालवतो. दारू सुटली असं मीराबाई म्हणतात. सरांना तितकी खात्री नाही. त्याच्या रिक्षाच्या आरशाला वाळलेल्या काड्यांची एक लांब माळ टांगलेली असते. ती पाण्यात सोडायची असते हे त्याला कोणी सांगितलं, तर तो म्हणतो, सोडतो, घाई काय आहे.

यशोदाबाईंकडे पुन्हा माणसं येऊ लागली. पूर्वीइतकी नाही, पण येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिलेला असतो. बुधवारी आणि रविवारी सूर्य वर यायच्या आत त्या अंगणात बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आल्यामुळे मधे त्यांना रिपोर्टावरचे आकडे दिसेनासे झाले होते. तेव्हापासून टोटल किती आणि डायरेक्ट किती हे पद्माताई वाचून दाखवतात. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे.